पाठकोरे कागद

आमच्या अण्णांचे अक्षर फार वाईट होते. 'कोंबडीचे पाय' असे आपण म्हणतो खरे, पण कोंबडीच्या पायांत निदान काही एक चाल असते. अण्णांच्या अक्षरात तीही नव्हती. गंमत अशी, की त्यांची नोकरी नकला करण्याची. कोर्टातल्या निकालांच्या, अर्जांच्या, खरेदीखतांच्या नकला ते दिवसभर करीत आणि तिथले त्यांचे अक्षर छापल्यासारखे असे. साहेब खूष, पक्षकार खूष. देवाने दिलेले सगळे वळण ते कचेरीत खर्च करून येतात आणि उरले-सुरले घरी आणतात, असे आई म्हणायची.

घरी ते रोजनिशी लिहीत. वही विकत आणण्याची ऐपत नव्हती अशातला भाग नाही; पण एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून देणे त्यांना पाप वाटे. बाद झालेले छापील नमुने, लग्नपत्रिका, औषधांच्या जाहिराती, आलेली पत्रे, जे जे पाठकोरे मिळेल ते जमवायचे, आईने दाभणाने शिवून द्यायचे, की झाली वही. दर वर्षाला एक. १९४६ ते १९८६ अशा एकेचाळीस वह्या ते मागे ठेवून गेले. त्यांतल्या माझ्यापाशी आज तेहतीस आहेत. उरलेल्या आठांचे काय झाले, ते सांगण्याचा धीर यावा म्हणून आधी मी तुम्हांला एका जपानी गृहस्थाची गोष्ट सांगणार आहे. ती लांबली तर क्षमा करावी.

या गृहस्थाचे नाव फुजिवारा तेइका. ११६२ साली जन्मला, १२४१ साली वारला. म्हणजे आपली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्याच्या अर्धे शतक आधीचा माणूस. क्योटोच्या राजदरबारातला कवी. जपानी काव्यात त्याचे स्थान फार वरचे आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. प्रथम कळले ते हे, की त्याचे अक्षर वाईट होते आणि ते राक्षसासारखे आहे असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या काळच्या दरबारात अक्षर म्हणजे माणसाची अब्रू. वेलीच्या तणाव्यांसारखी एका अक्षरातून दुसरे अक्षर निघावे, अशी तिथली रीत. तेइकाची अक्षरे जाड, बुटकी आणि एकमेकांपासून फटकून उभी. मला ती पाहताक्षणीच घरची वाटली.

आमची गाठ पडली ती २०१८ च्या डिसेंबरात. मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला होता, सूनबाईंचे दिवस भरत आले होते. म्हणून मी तिकडे गेले ती तीन महिने राहिले. शेजारी एक आजीबाई राहत. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मराठी येत नव्हते, मला जपानी येत नव्हते. तेव्हा मैत्री जमायला काहीच अडचण पडली नाही. जपानात नवे वर्ष म्हणजे आपली दिवाळी. लेकी-सुना, नातवंडे घरी जमतात. त्या दिवसांत आजीबाईंनी आम्हांला बोलावले, खाली चटईवर बसवले आणि पत्त्यांचे दोन संच बाहेर काढले.

खेळ मोठा मजेदार. एका संचात शंभर पत्ते. प्रत्येकावर एका कवीचे चित्र आणि त्याची पूर्ण कविता. दुसऱ्या संचातही शंभर पत्ते, पण त्यांवर कवितेचा फक्त शेवटचा भाग. हे दुसरे पत्ते चटईवर पसरायचे. एकाने पहिल्या संचातली कविता मोठ्याने वाचायला लागायचे आणि बाकीच्यांनी तिचे शेपूट हुडकून त्यावर हात मारायचा. आपल्या भेंड्यांची ही जपानी बहीण म्हणायला हरकत नाही. पण आपल्या भेंड्यांत दुसऱ्याने टाकलेल्या अक्षरावरून नवे गाणे आठवायचे, इथे डोके ऐकून शेपूट आठवायचे. आजीबाईंचा दहा वर्षांचा नातू पहिली दोन अक्षरे ऐकली की झडप घालायचा. शंभरांपैकी सात कविता अशा आहेत, की त्या पहिल्या अक्षरावरूनच ओळखता येतात. त्या आल्या की पत्ता उडून थेट माझ्या मांडीवर. या खेळाचे सामनेही होतात. ओत्सु गावच्या ओमी देवळात दर जानेवारीला भरतात आणि तिथे म्हणे खेळाडू कवितेच्या आधीचा श्वासही ऐकतात.

या पत्त्यांना म्हणतात 'कारुता'. शब्द पोर्तुगीज. आपल्या गोव्यात येऊन बसलेले पोर्तुगीज सोळाव्या शतकात जपानला पोचले, त्यांनी नेलेल्या पत्त्यांवरून हे नाव पडले. पण कविता कितीतरी जुन्या. सातव्या शतकापासून तेराव्यापर्यंतच्या शंभर कवींची प्रत्येकी एक, एकतीस मात्रांची. पाच, सात, पाच, सात, सात अशा तुकड्यांत बसणारी. 'ह्याकुनिन इश्शु' म्हणजे शंभर माणसे, एकेक कविता. राजे आहेत, राण्यांच्या सख्या आहेत, भिक्षू आहेत. या शंभर जणांना निवडून एका माळेत ओवणारा तो तेइका. सत्त्याण्णवावा पत्ता त्याचा स्वतःचा. आजीबाईंनी तो माझ्या हातात दिला. त्यावरच्या कवितेत हा पन्नाशी उलटलेला दरबारी समुद्रकाठी वाट पाहत बसलेल्या बाईच्या तोंडून बोलतो, एवढे मुलाने समजावून सांगितले. मग तो म्हणाला, "आई, या माणसाची रोजनिशी आहे. पंचावन्न वर्षांची."

रोजनिशी म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे सांगायला नकोच. इंग्रजीत त्याच्याबद्दल जे जे मिळाले ते मी नातवाला मांडीवर घेऊन वाचून काढले.

तुम्ही म्हणाल, महाकवी आहे, तेव्हा चंद्राकडे बघत बसणारा शांत माणूस असेल. रोजनिशीचे नावही तसेच आहे: 'मेइगेत्सुकी', निर्मळ चंद्राची नोंदवही. पण छे! इतका किरकिऱ्या माणूस शोधून सापडायचा नाही. खोकला झाला, लिहा. पाय दुखतात, लिहा. बढती मिळाली नाही, लिहा. आणि ज्याला मिळाली तो कसा नालायक आहे तेही लिहा. ११८५ साली, तेविसाव्या वर्षी, राजवाड्यातच एका सहकाऱ्याशी बाचाबाची झाली तेव्हा याने हातातला पलिता त्याला हाणला. लगेच दरबारबंदी. बाप शुन्झेई हा स्वतः थोर कवी, सत्तरी उलटलेला. त्याने पोरासाठी रदबदली केली, तीही कवितेत, तेव्हा कुठे माफी मिळाली. १२०० साली निवृत्त सम्राट गो-तोबाने निवडक कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या. विरोधी घराण्याने तेइकाचे नाव गाळले. पुन्हा बाप धावला. बाप शहाऐंशी वर्षांचा, मुलगा अडतीसचा! आपल्याकडे मुलाला चिकटवण्यासाठी वडील साहेबाच्या बंगल्यावर खेटे घालतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की हा मुलगा खरोखरच त्या जागेला लायक होता.

गो-तोबा तेव्हा विशीतला. त्याने तेइकाला डोक्यावर घेतले, आणि मग दोघांचे वीस वर्षे भांडण चालले. त्याने तेइकाला आपल्याबरोबर कुमानोच्या यात्रेला नेले, तर हा वाटभर आजारी आणि मुक्कामाच्या जागांबद्दल कुरकुर करीत. 'शिन कोकिनशू' हा सुमारे दोन हजार कवितांचा राजसंग्रह करण्याच्या कामावर इतरांबरोबर त्याला बसवले. १२०५ साली ते संपल्याची मेजवानी झाली, तर हा गेलाच नाही. का, तर अशी मेजवानी करण्याची पूर्वी रीत नव्हती! १२१३ मध्ये सम्राटाने याच्या अंगणातली विलोची दोन झाडे उपटून राजवाड्यात नेली. तेइका गप्प बसला. सात वर्षांनी त्याने विलोवर एक कविता सादर केली. तीत काय टोचायचे ते सम्राटाला बरोबर टोचले आणि तेइकाला काव्यसभेची बंदी झाली.

पुढच्याच वर्षी, १२२१ मध्ये, गो-तोबाने कामाकुराच्या योद्ध्यांविरुद्ध उठाव केला आणि तो हरला. त्याला ओकी बेटावर हद्दपार केले. तिथेच अठरा वर्षांनी तो गेला. तिथे बसून त्याने आपल्या काळच्या कवींबद्दल लिहिले, त्यात तेइकाचे मोठेपण मान्य केले आणि हा माणूस कुणाचे ऐकत नाही अशी तक्रारही केली. तेइकाला मात्र सम्राटाच्या रागाने वाचवले. बंदीत असल्यामुळे उठावाचा डाग त्याला लागला नाही. म्हातारपणी त्याला हवे ते पद मिळाले, नव्या राजसंग्रहाचे कामही मिळाले. त्या संग्रहात हद्दपार गो-तोबाची एकही कविता त्याला ठेवता आली नाही. आजीबाईंच्या पत्त्यांत मात्र नव्याण्णवावा पत्ता गो-तोबाचा आहे आणि शंभरावा त्याच्या मुलाचा. काही संशोधक म्हणतात, आज आपल्यापुढे आहे तो संच पुढे दुसऱ्या कुणीतरी सारखा केला असावा. असेलही. पण आपली झाडे नेणाऱ्याला त्या किरकिऱ्या म्हाताऱ्याने आठवणीने शेवटी बसवले असावे, असे मला आपले वाटते.

हे सगळे मोठ्या माणसांचे राजकारण झाले. माझे मन गुंतले ते दुसऱ्याच गोष्टीत. तेइका नकला करीत असे.

छापखाने नव्हते अशा काळात पुस्तक हवे असेल तर ते उतरून काढावे लागे, हे आपल्या पोथ्यांवरून आपण जाणतोच. पण या माणसाने जन्मभर, आणि विशेषेकरून म्हातारपणी, जे उतरून काढले त्याला सुमार नाही. 'कोकिनशू' हा जुना राजसंग्रह कितीतरी वेळा. 'गेंजी' ही चोपन्न प्रकरणांची अवाढव्य कादंबरी त्याच्या घरी होती, ती तरुणपणी चोरीला गेली. १२२५ साली त्याने घरातल्या बायकामुलींना बसवून ती पुन्हा लिहवून घेतली. वेष्टने चढली आणि त्यावर त्याने नावे घातली, तो दिवस रोजनिशीत आहे. 'साराशिना निक्की' म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या आठवणी. त्याची प्रत याने मिळवली, कुणाला तरी वाचायला दिली आणि ती परत आली नाही. (पुस्तक नेणारे लोक सर्व देशांत सारखेच दिसतात.) सुदैवाने त्या प्रतीवरून दुसऱ्या कुणी नक्कल केलेली होती, तिच्यात चुका होत्या, तरी तीवरून याने पुन्हा लिहून काढले. आज त्या बाईचे पुस्तक जगात शिल्लक आहे ते या दुसऱ्या प्रतीमुळे. पुढे कुणीतरी ती उसवून पुन्हा शिवताना पाने खालीवर केली आणि तीनशे वर्षे लोक ते पुस्तक उलटसुलट वाचत राहिले. १९२४ मध्ये एका संशोधकाने तेइकाची मूळ प्रत हाती घेतली तेव्हा घोटाळा उघडकीस आला. आमच्या आईच्या शिवणीतही असे झाले आहे. एका वहीत श्रावणाच्या आत आषाढ शिरला आहे.

१२३५ च्या पाचव्या महिन्यात तर कमालच झाली. तेइका त्र्याहत्तर वर्षांचा. अकस्मात त्याला 'तोसा निक्की'ची मूळ प्रत पाहायला मिळाली. कवी त्सुरायुकी याने तीनशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलेली. आजारी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, असे स्वतःच शेवटी नमूद करून त्याने ती उतरवली. कागद केवढा होता ते लिहिले. आणि त्सुरायुकीचे अक्षर कसे होते हे पुढच्यांना कळावे, म्हणून शेवटचा भाग तंतोतंत त्याच्या वळणात काढला. मूळ प्रत पुढे नाहीशी झाली. तेइकाची राहिली. मात्र एक खरे सांगितले पाहिजे. तो प्रामाणिक नकलाकार नव्हता. मूळ लेखन त्याला चुकीचे वाटले की तो बिनदिक्कत सुधारी. शुद्धलेखनाचे त्याचे स्वतःचे नियमच होते. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा तामेइए याने तीच मूळ प्रत काना-मात्रा न बदलता उतरवली, आणि आज विद्वान मुलाच्या प्रतीवर अधिक विश्वास ठेवतात. आमच्या अण्णांनी तेइकाला नोकरीवरून काढले असते. नकलेत मुळातली चूकही जशीच्या तशी आली पाहिजे, हा त्यांचा कायदा.

त्याच महिन्यात, पंधराच दिवसांनी, तामेइएच्या सासऱ्याने आपल्या सागा इथल्या घराच्या सरकत्या दारांवर चिकटवण्यासाठी काही कविता लिहून मागितल्या. वाईट अक्षराची सबब पुढे करीत याने त्या लिहून दिल्या. आजीबाईंच्या पत्त्यांचे मूळ ते इथे. पुढच्या काळात याच अक्षराला 'तेइका वळण' म्हणून मान मिळाला. चहाचे सोहळे करणाऱ्या रसिकांनी त्याच्या कवितांचे, इतकेच काय रोजनिशीचेही, तुकडे कापून भिंतीवर टांगले. बडी बडी माणसे त्याच्यासारखे वाईट अक्षर काढायला शिकली. या शतकात तर अडोबी कंपनीने त्यावरून संगणकाचा टंकही केला. हे मी भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अण्णांच्या अक्षराचा टंक निघाला तर संगणकच बंद पडेल, ताई."

आता त्या रोजनिशीकडे पुन्हा येते. तिचे पुष्कळसे कागद पाठकोरे आहेत. आलेल्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती लिहिलेली आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

१२३० साली जपानात उन्हाळा पडलाच नाही. ऐन उन्हाळ्यात कुठे कुठे बर्फ पडले, पिके गेली. पुढच्या वर्षी क्योटोच्या रस्त्यांवर प्रेते पडली आणि त्यांची दुर्गंधी तेइकाच्या घरात येऊ लागली, तेही त्याने लिहिले आहे. त्याआधी, १२३० च्याच दहाव्या महिन्यात या म्हाताऱ्याने बागेतली शोभेची झाडे खणून टाकली आणि तिथे गहू पेरला. दुसऱ्याच महिन्यात आकाशात एक नवीन तारा दिसू लागला. अशा ताऱ्याला 'पाहुणा तारा' म्हणत आणि तो अपशकुनी मानत. घाबरलेल्या तेइकाने पूर्वी असे पाहुणे केव्हा केव्हा आले होते, याची दरबारी ज्योतिष्यांच्या आबे घराण्याकडे चौकशी केली, आणि जी यादी मिळाली ती रोजनिशीत घातली. त्या यादीत १००६ चा तारा आहे, ११८१ चा आहे, आणि १०५४ चाही आहे.

या १०५४ च्या ताऱ्याशी तेइकाचे नाते काय? काही नाही. त्याच्या जन्माच्या एकशे आठ वर्षे आधीचा. पण १९३४ साली इबा नावाच्या एका जपानी हौशी खगोलप्रेमीने ही यादी अमेरिकेतल्या एका मासिकात इंग्रजीत प्रसिद्ध केली. वृषभ राशीत दुर्बिणीतून दिसणारा धुरकट ढग, खेकड्याच्या आकाराचा म्हणून ज्याला क्रॅब म्हणतात, तो म्हणजे त्याच फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष होत, हे ठरवायला चीनमधल्या नोंदींबरोबर गहू पेरणाऱ्या या म्हाताऱ्याची यादी उपयोगी पडली. खोकला, बढती, गहू, तारा. त्याच्या वहीत सगळे एकाच अक्षरात आहे.

तेइका गेला, मुलगा तामेइएही १२७५ मध्ये गेला. आणि मग घरोघरी होते तेच झाले. तामेइएला पहिल्या बायकोचे मुलगे होते, आणि अबुत्सु नावाच्या उत्तरवयातल्या बायकोचेही. म्हाताऱ्याने होसोकावाची जहागीर आधी थोरल्याला लिहून दिली होती, ती फिरवून धाकट्याच्या नावे केली. थोरला देईना. १२७९ साली ही अबुत्सु, डोके मुंडन केलेली विधवा, क्योटोहून थेट कामाकुराला दावा लावायला निघाली आणि वाटेचे वर्णन लिहून ठेवून अमर झाली. निकाल तिच्या हयातीत लागला नाही. ती १२८३ मध्ये वारली. तिचा मुलगा शेवटचा निकाल जिंकला तो १३१३ मध्ये. दिवाणी दाव्याच्या बाबतीत काय जपान आणि काय आपण! घराण्याच्या तीन शाखा झाल्या, एकमेकींशी कवितेवरूनही भांडल्या. तेइकाच्या नावावर खोटे ग्रंथ रचण्यापर्यंत मजल गेली. थोरल्यांच्या दोन्ही शाखा पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत खुंटल्या. राहिली ती अबुत्सुच्या मुलाची. रेइझेई हे तिचे नाव.

हे घराणे आजही क्योटोत आहे. जानेवारीत मुलगा मला तिथे घेऊन गेला. इमादेगावा रस्त्याला एका विद्यापीठाच्या विटांच्या इमारती आणि त्यांच्या मिठीत एक जुना वाडा. वर्षातून थोडेच दिवस आत सोडतात, आणि तो त्यांतला दिवस नव्हता. आम्ही भिंत पाहिली. भिंतीपलीकडे, जाड मातीच्या भिंतींचे एक कोठार आहे. तेइकाची रोजनिशी त्यात होती, 'कोकिनशू'ची प्रत त्यात होती, शुन्झेईच्या हातचे लिखाण त्यात होते. १७८८ च्या आगीत शहर जळाले, वाडा जळाला, कोठार राहिले. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेला, बहुतेक सरदार मागोमाग गेले. हे गेले नाहीत. त्यांच्या लेखी ते कोठार म्हणजे देवघर. घरच्या कर्त्या पुरुषाखेरीज कुणी आत पाऊल टाकायचे नाही. बाहेरच्या विद्वानांना शतकानुशतके आत काय आहे ते ठाऊक नव्हते. १९८० च्या सुमारास त्यांनी दार उघडले आणि १९८१ मध्ये सगळे एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. पाच वस्तू तर राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाल्या आहेत. आणि अजून संपलेले नाही. २०१९ मध्ये टोकियोतल्या एका जुन्या सरदार घराण्याच्या पेटीत तेइकाच्या 'गेंजी'चे पाचवे प्रकरण सापडले. पिढीतून एकदाच उघडायची अशी एक पेटी रेइझेईंच्या घरी होती, तीत त्याच्या हातचे आणखी एक हस्तलिखित निघाले. ते २०२४ मध्ये जाहीर झाले.

मी त्या भिंतीपाशी उभी होते. बाजूने पोरे सायकली दामटत वर्गाला चालली होती. मुलगा म्हणाला, "आई, थंडी वाजते का?" मी म्हटले, "हो."

तर आता त्या आठ वह्यांविषयी. १९८६ मध्ये अण्णा गेले. दोन वर्षांनी पुण्याची नारायण पेठेतली जागा सोडली तेव्हा वह्यांची ट्रंक मी डोंबिवलीला आणली. भावाकडे जागा नव्हती, माझ्याकडेही नव्हती, पण मी थोरली. दोन खोल्यांत पाच माणसे आणि ती ट्रंक. १९९१ मध्ये रंग द्यायला काढला, तेव्हा वरच्या आठ वह्या मी चाळून पाहिल्या. अक्षर लागत नव्हते. जे लागले त्यात दुधाचा भाव, पाऊस पडला, पाऊस पडला नाही, आईचे डोके दुखते. दारावर रद्दीवाला आला होता. साडेचार किलो भरल्या. काटा मी स्वतः नीट बघून घेतला, त्याने दांडी मारू नये म्हणून. त्या पैशांची मी तुळशीला कुंडी आणली.

१९५७ ते १९६४. संध्याकाळी ट्रंकेत राहिलेल्या वह्यांवरचे आकडे पाहिले तेव्हा मला कळले.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. मी अकरा वर्षांची होते. पाणी पेठेत शिरायच्या आधी अण्णा कचेरीतून धावत आले. आईने पोरे घेतली, अण्णांनी ट्रंक डोक्यावर घेतली. भांडी, धान्य, आईचे लग्नातले लुगडे सगळे मागे राहिले. आम्ही वरच्या पेठेत मावशीकडे गेलो. रात्री सगळे गाव काळोखात, आणि अण्णा कंदिलाशी बसून लिहीत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. पुष्कळ वेळ लिहीत होते. आई म्हणाली, "अहो, आता पुरे." ते म्हणाले, "झालं, एवढं पान."

पुरातून त्यांनी वाचवलेली वही मी रद्दीत घातली. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे हे मी भावालाही सांगितले नव्हते. पाण्यात गेल्या असतील, असे मोघम म्हणत आले. जपानहून आल्यावर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, उरलेल्यांचे फोटो काढून ठेवू आणि ट्रंक मोकळी करू. तुझी इमारत पाडायला निघालीच आहे." फोटो त्याने काढलेही. मुलगा चांगला आहे. पण फोटोतले अक्षर वाचणार कोण? ते वळण लागणारी आता एकटी मी उरले आहे, आणि मलाही दहातले तीन शब्द लागत नाहीत.

म्हणून रोज दुपारी मी एक पान उतरून काढते. बाळबोध अक्षरात, काना-मात्रा न बदलता. तामेइएसारखी, तेइकासारखी नाही. लागला नाही तो शब्द जागा सोडून. सध्या १९६६ ची वही चालू आहे. परवाच्या पानावर दुधाचा भाव आहे, मावशीचे पत्र आल्याची नोंद आहे, धाकट्याला ताप आहे. त्याखाली दोन ओळी मी तीन दिवस लावीत होते. काल लागल्या. मावशीने पत्रातून काहीतरी विचारले असावे. अण्णांनी लिहिले आहे: 'पुराच्या दिवशीची हकीकत सविस्तर लिहिली आहे. ६१ सालची वही पाहावी.'

पान उलटले. मागे एका काढ्याची जाहिरात आहे.